पात्याची उमर

आमच्या कृषी विद्यालयात खडूची पेटी आठ दिवसांत रिकामी व्हायची आणि त्याचा ठपका दर वेळी माझ्यावर यायचा. शिपाई सांगायचा, मॅडम फळ्यावर फार चित्रं काढतात. मी चित्रं काढायचे हे खरं. नांगराची, पंपाच्या आतल्या भागांची, ट्रॅक्टरच्या गिअरची. पण पेटी मी संपवत नव्हते. पेटी संपवायचे दौलतभाऊ. जेवणाच्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला की ते चप्पल बाहेर काढून आत यायचे, फळ्याखालचे तुकडे गोळा करून खाकी सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि आले तसे निघून जायचे.

एकदा मी त्यांना दारातच गाठलं. "दौलतभाऊ, खडू कशाला लागतो तुम्हाला?"

ते जराही ओशाळले नाहीत. "तुमी याच्यानं लिवता म्याडम, मी याच्यानं वाचतो," म्हणाले आणि शेडकडे चालू लागले.

दौलत नगराळे आमच्या विद्यालयाचे ट्रॅक्टरचालक. मारेगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमची जमीन लागते. पुढचा तुकडा काळ्या मातीचा, मागचा सगळा खडकाळ बरड, आणि बरडावर गवताचं मोठं कुरण. विद्यालयाच्या गाई-म्हशींना वर्षभर पुरेल एवढं गवत तिथे दसऱ्यानंतर कापलं जातं. ते कापायला ट्रॅक्टरमागे जोडायचं एक यंत्र आहे. आम्ही सगळे त्याला कटरच म्हणतो. वर लोखंडी झाकण, खाली दोन पाती, हातभर लांबीची. ती गरगर फिरतात आणि गवत आडवं होतं. दौलतभाऊंचं सगळं आयुष्य या दोन पात्यांभोवती गेलं असं मी म्हटलं तर त्यांना ओळखणारा कोणी हसणार नाही.

मी अमरावतीहून पदवी घेऊन आले ती शेतीची यंत्रं शिकवायला. पहिल्याच आठवड्यात वही-पेन घेऊन शेडमध्ये गेले. कोणता भाग किती चालतो, कधी बदलायचा याचा तक्ता मला वर्गात लावायचा होता. पुस्तकात तासांचे आकडे होते. पण म्हटलं, प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसालाही विचारावं.

"कटरची पाती किती दिवस टिकतात हो?"

दौलतभाऊ चाकाखाली बसून ग्रीस भरत होते. उंच, काटकुळा माणूस, कानावरचे केस पांढरे, हात मात्र कोपरापर्यंत काळे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "थे कोनाच्या पायाजवळून फिरून राह्यलं त्याच्यावर हाय."

मला वाटलं, नवी पोरगी पाहून हे माझी फिरकी घेतायत. मी वही मिटली. रागाचा झटका मला लवकर येतो, आणि तो चेहऱ्यावर दिसतोही. त्यांनी तो पाहिला असावा, कारण फडक्याला हात पुसून ते उठले आणि नीट समजावून सांगू लागले. काळ्या मातीत चाललं तर पात्याची एक जोडी दोन हंगाम काढते. बरडावर एक हंगामही काढत नाही. वारुळात घुसलं की धार जाते, ती घासून परत आणता येते. दगडाला लागलं की नुसती धार जात नाही, आतून काहीतरी जातं, आणि ते परत येत नाही. बोल्टाचं भोक लांबट झालं, पाठीचं लोखंड बोटाला पातळ लागलं, ट्रॅक्टरच्या सीटखाली थरथर जाणवली, की तिथे थांबायचं. "मानसाची उमर जन्मापासून मोजते, म्याडम. पात्याची दगडापासून मोजा लागते."

तो तक्ता मी काही केला नाही. त्या दिवशी लिहून घेतलेलं पान अजून माझ्याकडे आहे आणि दर वर्षी नव्या वर्गाला मी तेच वाचून दाखवते.

त्यांच्या कामाला वेळ लागायचा. कापणीच्या आदल्या दिवशी ते आख्खं कुरण पायी फिरत. हातात काठी, मान खाली, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मग शेजारून परत. दगड दिसला तर उचलायचा, मोठा असला तर त्याच्याजवळ पळसाची फांदी खोचून वर चिंधी बांधायची. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर त्या चिंध्या टाळत जायचा. पण नुसते दगड शोधणारा माणूस इतका वाकून चालत नाही, आणि मधूनच खाली बसून बोटांनी गवत बाजूला करत नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला वाटायचं, म्हातारपणी नजर कमी झाली असेल.

कटर चालू असताना साठ पावलांच्या आत कोणी असता कामा नये, हा त्यांचा कायदा. गवत गोळा करणाऱ्या बाया अलीकडे आल्या की ते ट्रॅक्टर थांबवायचे आणि "हटा ओऽ माय!" अशी आरोळी ठोकायचे. बाया चिडवायच्या, "दौलतभाऊ, आमी काय वाघ हाओ काय?" ते हसायचे नाहीत. सगळ्या मागे सरेपर्यंत हात हँडलवरून काढायचे नाहीत. इतर वेळी हा माणूस थट्टेला चांगला होता. माझ्या स्कूटीच्या आवाजावरून तिच्या तब्येतीची बातमी सांगायचा. डब्यातली ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी अर्धी मला काढून द्यायचा, आणि मी मिठाबद्दल काही बोलले तर म्हणायचा, "मायी बायको ऐकून राह्यली असन, हळू बोला." पण कटर जोडला की हा माणूस वेगळाच व्हायचा.

एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. तो म्हणजे 'चालते'. आपल्याकडे दिवसातून शंभर वेळा आपण तो म्हणतो. चहात साखर कमी आहे, चालते. दाराची कडी मोडली, चालते. दौलतभाऊंच्या शेडमध्ये तो चालत नसे. कोणी म्हटलं, "अजून चालते ना हे," की ते हातातला पाना खाली ठेवायचे आणि त्या माणसाकडे नुसते पाहत राहायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून कुठल्याही पात्याबद्दल तो शब्द मी ऐकला नव्हता. पातं बरं असलं तर म्हणायचे, "आज फिरवू, उद्या पाहू."

त्या शब्दावरून प्राचार्य साहेबांशी झालेला प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. हंगाम तोंडावर आलेला आणि दौलतभाऊंनी नव्या जोडीची मागणी लिहून दिली होती. साहेबांनी जुनी पाती टेबलावर मागवली. दोन्हींना धार होती, दिसायला धडधाकट होती.

"नगराळे, हे तर चांगलं चालते अजून."

ती पाती दौलतभाऊंनी रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलेली होती, सकाळी फडक्यानं कोरडी पुसून आणली होती. त्यांनी खिशातून माझ्या वर्गातला खडू काढला आणि एका पात्याच्या भोकाभोवती घासघास घासून ते पांढरंशुभ्र केलं. मग ते पातं साहेबांच्या समोर ठेवून म्हणाले, "चहा घ्या साहेब. तवरीक हे काय म्हनते ते पाहू."

चहा अर्धा झाला असेल. त्या पांढऱ्या भागावर केसाएवढी एक काळपट रेघ उमटली. भोकापासून निघाली आणि हळूहळू कडेकडे सरकली. डोळ्याला न दिसणाऱ्या चिरेत डिझेल शिरून बसलेलं होतं, ते खडूनं बाहेर ओढून घेतलं होतं. साहेबांनी रेघेकडे पाहिलं आणि खुर्ची वीतभर मागे घेतली. पातं टेबलावर निमूट पडलेलं होतं, तरी.

नवी जोडी पंधरा दिवसांनी आली. तोवर ट्रॅक्टरची चावी दौलतभाऊंच्या खिशात होती आणि गवत विळ्यानं कापलं गेलं. एकच पातं खराब आहे तर एकच बदला, असंही कोणी सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "एक जड, एक हलकं झालं तं दोनी मरते." जोडी म्हणजे जोडी, बोल्टासकट. आणि काढलेली पाती ते ग्राइंडरनं मधोमध कापायचे. गावचा लोहार मागायला यायचा, कोणी आपल्या जुन्या यंत्राला लावायला मागायचं. कोणाला द्यायचे नाहीत. वर्गाबाहेर पहिल्यांदा मी खडूचं खरं काम पाहिलं ते तेव्हा, आणि त्या दिवसापासून पेटी मागवताना मी एक जास्तच मागवू लागले.

आता मला जरा माझ्या मूर्खपणाकडे यायला हवं.

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये यंत्रांची पूजा होते. ट्रॅक्टर धुऊन पुसून ओळीनं लावतात, झेंडूची तोरणं लागतात. झेंडू दौलतभाऊच आपल्या गावाहून पोतं भरून आणायचे आणि बॉनेटला हार स्वतः बांधायचे. संध्याकाळी ते नागपूरला निघत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं हे त्यांच्या घरी त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासूनचं. एका वर्षी राठोड सर नव्यानं रुजू झालेले होते. मोठ्या उत्साहानं ते ताट घेऊन आले, ट्रॅक्टरला कुंकू लावलं, पंपाला लावलं, आणि कटरजवळ वाकून पात्याला लावायला गेले. दौलतभाऊंनी त्यांचं मनगट धरलं.

"पात्याले नाही, सर."

"काहून?"

"बाकी कुठंबी लावा. पात्याले नाही."

राठोड सर दुखावले. "दौलतभाऊ, तुमच्यात हे करत नसन तं तुमी हात नका लावू. मी लावतो ना. आमच्या तांड्यात तं पहिलं कुंकू पात्यालेच लावते."

दौलतभाऊंनी मनगट सोडलं नाही. गोष्ट कुठल्या दिशेनं जाणार हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणालाच ती तिकडे जायला नको होती. शेवटी राठोड सरांनी ताट खाली ठेवलं. दौलतभाऊंनी ते उचललं, स्वतःच्या बोटानं कटरच्या झाकणावर कुंकवाचा मोठा टिळा काढला, ताट सरांच्या हातात परत दिलं आणि बाहेर गेले.

मी मग स्टाफरूममध्ये भाषण ठोकलं. प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान ठेवायला हवा वगैरे. फार छान बोलले असं मला वाटलं. राठोड सरांनी नंतर जाऊन माफीही मागितली, दौलतभाऊंनी ती मान खाली घालून ऐकून घेतली. आपण एका माणसाला समजून घेतलं म्हणून मी आठ दिवस खुशीत होते. आज ते भाषण आठवलं की मला माझीच लाज वाटते.

कुरणाच्या कडेनं नाला आहे आणि नाल्यापलीकडे कोलाम आदिवासींचा एक पोड. वीस-पंचवीस घरांची वस्ती. तिथली पार्वताबाई शेळ्या घेऊन कुरणाच्या कडेनं जायची. साठीच्या पुढची असेल. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. काखेत सागाच्या फांदीची कुबडी. ती दिसली की दौलतभाऊ नुसता कटर उचलायचे नाहीत, तर इंजिन बंद करायचे. खाली उतरायचे आणि ट्रॅक्टरच्या बाजूला उभे राहायचे. ती कुबडीवर सावकाश कुरणाची सगळी कड चालून नाल्यात उतरेपर्यंत. तिला घाई नसायची. कधी कधी पाव तास जायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. ती गेली की ते वर चढून इंजिन चालू करायचे.

मी विचारलं तेव्हा ऑफिसात कळलं की फार जुनी गोष्ट आहे. ती इथेच गवत गोळा करायला होती, कटरखालून दगड उडाला आणि पायावर बसला. यवतमाळच्या दवाखान्यात पाय काढावा लागला. दौलतभाऊच तिला ट्रॅक्टरवर मांडीत धरून मारेगावपर्यंत घेऊन गेले होते. कागदोपत्री दगडच नोंदलेला होता. मला वाटलं, म्हणून हा माणूस इतका जपतो. एवढ्यावर मी समाधान मानलं.

मग तपासणीचं वर्ष आलं. वरून अधिकारी यायचे होते, ते नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. दौलतभाऊ नागपूरला. साहेबांनी शेडची जबाबदारी माझ्यावर टाकली आणि मी ती अंगावर घेतली. सगळं धुऊन घेतलं, दोन मजूर लावून ट्रॅक्टर पॉलिश केला, आणि कटर गंजका दिसत होता म्हणून त्याला तांबडा ऑइलपेंट मारून घेतला. वरून, खालून आणि पात्यांनाही. नव्यासारखा लखलखत होता. मी त्याचा फोटोसुद्धा काढला.

दौलतभाऊ सकाळी आले ते सरळ बस स्टँडवरून. डोळे तांबारलेले, खांद्याला पिशवी, पिशवीत नागपूरहून घेतलेली पुस्तकं. शेडच्या दारात त्यांनी कटर पाहिला. पिशवी तिथेच जमिनीवर ठेवली. मी काहीतरी हसून बोलले, ते त्यांच्या कानावर पडलंच नाही. त्यांनी कटर ठोकळ्यांवर चढवला, पाती खोलली, पॉलिश पेपर घेतला आणि घासायला बसले.

अधिकारी अकराला आले. त्यांना कटर चालवून दाखवायचा होता. कटर ठोकळ्यांवर, पाती दौलतभाऊंच्या मांडीवर आणि दौलतभाऊ उठायला तयार नाहीत. साहेबांनी सगळ्यांदेखत मला जे सुनावलं ते मी इथे लिहिणार नाही. पाहुणे गेल्यावर मी तडक शेडमध्ये गेले आणि सगळा राग त्या माणसावर काढला. तुम्हाला कोणाचं ऐकायचंच नसतं, म्हटलं. एका रंगानं काय बिघडणार होतं?

ते घासत राहिले. मग पॉलिश पेपर खाली ठेवला.

"बसा, म्याडम."

मी उभीच राहिले.

"असाच रंग मी मारला होता," ते म्हणाले. "खंडेनवमी होती. तवाचे साहेब म्हने, सारं तांबडं झालं पायजे. मायी माय नागपूरले याची होती संगं, पहिल्यांदाच. दुपारची गाडी होती आमची. मी पाती घासून राह्यलो होतो तं एकाच्या टोकाजवळ लाईन दिसली मले. केसासारखी. मनात म्हनलं, खरचटलं असन. आल्यावर पाहू. आता चालते." ते थांबले. "चालते म्हनलं मी. आन रंग मारला. नागपूरहून आलो, पातं तांबडंलाल, कुठं काई दिसेना. इसरूनच गेलतो. कापनी सुरू केली, दुसऱ्या दिवशी टोक तुटून गेलं. पार्वताबाई मागं होती, दहा-बारा पावलावर."

मी तिथल्या डब्यावर बसले.

"दगड नव्हता तो?"

"दगड मी सांगतला. सारे म्हने दगडच असन, मी हो म्हनलं. उरलेलं पातं नाल्याच्या डोहात टाकलं. टोक काई सापडलं नाही. अजून पाह्यतो मी."

मग मला ते कुरणात वाकून चालणं कळलं. राठोड सरांचं धरलेलं मनगट कळलं. माझं भाषणही.

"तिला सांगितलं नाही कधी?"

"दर साली म्हनतो, सांगीन. ट्राक्टर बंद करून उभा राह्यतो, थे समोरून जाते. तोंड उघडत नाही, म्याडम. नोकरीचं भेव होतं पहिले. लेकरं शिकत होती. आता थेबी नाही. आता भेव कायचं हाय, मलेच मालूम नाही." त्यांनी पुन्हा पॉलिश पेपर उचलला. "काम सोडाच्या आधी सांगीन. तिले सांगल्याबिगर मले काई घरी जाता येत नाही."

मीही एक तुकडा घेतला आणि दुसरं पातं घासायला बसले. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तेच करत होतो. माझ्या रंगाखाली काही निघालं नाही. निघालं नाही म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं. मी काढलेला तो फोटो मी त्याच रात्री पुसून टाकला.

त्यानंतर तीन हंगाम गेले. दौलतभाऊ तसेच कुरण फिरत राहिले, इंजिन बंद करत राहिले, पार्वताबाई तशीच कडेनं जात राहिली. मी काही विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही घाबरत होते. निवृत्तीला चार दिवस उरले तेव्हा ते वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. या वेळी खडू उचलले नाहीत. "म्याडम, पोडावर चाला संगं," एवढंच म्हणाले.

त्यानंतरचे दिवस ते रजेवर राहिले, निवृत्तीच्या समारंभालाही आले नाहीत. हार, शाल, नारळ टेबलावर तसंच राहिलं. नंतर ते मुलाकडे बल्लारपूरला गेले आणि मागच्या उन्हाळ्यात तिकडेच वारले. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशी पोडावर.

दुपार कलत होती. पार्वताबाई अंगणात बसून बांबू सोलत होती. शेळ्यांमागे फिरून उरलेल्या वेळात ती टोपल्या विणायची. आजूबाजूला सालपटांचा ढीग, पाठीमागे दोन तयार टोपल्या. दौलतभाऊंना पाहून तिनं हातातलं हत्यार मांडीवर ठेवलं. सुनेनं आमच्यासाठी खाट टाकली. मी बसले, ते बसले नाहीत.

उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. लाईन दिसली होती, रंग मारला, दगड नव्हता, पातं होतं. आवाज चढला नाही की फुटला नाही. पाठ केलेलं असावं असं बोलले, आणि इतक्या वर्षांत पाठ झालंच असणार. मधे एकदाच अडखळले, आईचं नाव आलं तेव्हा.

पार्वताबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"झालं सांगून?"

"हो, बाई."

"दगडाले लाल रंग राह्यते काय, दौलत?"

त्यांना ते समजलं नाही. मलाही नाही. तिनं मांडीवरचं हत्यार उचलून पुढे केलं. वीतभर लांब पातं, बांबूच्या मुठीत बसवून तारेनं आवळलेलं. वापरून वापरून चकाकत होतं. पण तारेच्या वेढ्यापाशी, जिथे हात पोचत नाही तिथे, तांबड्या रंगाची एक किनार अजून होती.

"मायाजवळच पडलं होतं," ती म्हणाली. "तू मले उचलून राह्यला होता, तवा मायी मूठ तुले दिसली नाही. मी लुगड्यात बांधून घेतलं."

"मंग काहून नाही सांगतलं, बाई? तुले मालूम होतं तं काहून नाही सांगतलं कोनाले?"

"सांगतलं असतं तं तुले काढून टाकलं असतं. तुया जाग्यावर दुसरा येता. त्याले काय मालूम, पाय गेल्यावर कसं होते ते? तुले मालूम होतं. मायी सून त्याच गवतात जाते. नातीन जाते. तुयाच मागं मागं जाते." तिनं सुनेकडे पाहिलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "राग नव्हता असं नको समजू. बहूत होता. तू इंजन बंद करून उभा राहे, तवा मले अजून राग ये. मनात म्हनो, राह्य उभा. मुद्दाम हळू चालो मी."

दौलतभाऊ खाली बसले. खाटेवर नाही, तिच्यासमोर, सालपटांत. त्यांनी चेहरा दोन्ही हातांत धरला. मी शेळ्यांकडे पाहत राहिले. माझे डोळे वाहत होते आणि ते पुसावेत असंही मला वाटलं नाही. सून आत जाऊन पाणी घेऊन आली, तेही कोणी प्यायलं नाही.

मग पार्वताबाईनं ते पातं त्यांच्या हातात ठेवलं. ज्याच्यासाठी ते वीसेक वर्षं कुरणभर वाकून फिरले होते, ते त्यांच्या तळहातावर होतं. त्यांनी बोटानं त्याची पाठ चाचपली. धार अंगठ्याला लावून पाहिली. उलटं केलं, उन्हात धरलं. आणि त्यांचा उजवा हात सवयीनं सदऱ्याच्या खिशात गेला.

"तेल हाय काय, बाई?"

सुनेनं वाटीत बोटभर तेल आणून दिलं. त्यांनी ते पात्याला चोळलं, थोडं थांबले, सदऱ्याच्या टोकानं कोरडं पुसून काढलं. मग खडूनं घासून दोन्ही बाजू पांढऱ्या केल्या आणि पातं गुडघ्यावर ठेवून वाट पाहत बसले.

"नीट पाह्य," पार्वताबाई म्हणाली. "कुठं चिरलं असन तं आताच सांग. सुनेच्या हातात द्याचं हाय मले थे."

ऊन पडवीच्या खांबापर्यंत सरकलं. ते पात्यावरून नजर काढत नव्हते. पांढऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी दुसरी बाजू वर केली, पुन्हा तेवढाच वेळ पाहिलं. मग बोटांनी खडू पुसला आणि मूठ तिच्याकडे करून पातं पुढे धरलं.

"चालते," दौलतभाऊ म्हणाले.

तिनं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि पुढचा बांबू ओढला.